सुभद्राकाकू आणि हिवाळ्यातल्या धारा

सुभद्राकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दुधाच्या टेंपोत. शिरूर कासारच्या दूध शीतकरण केंद्रावर मी नुकताच कामाला लागलो होतो. डोंगरातल्या वाड्यांवरच्या दूध संस्थांमधून कॅन गोळा करायला टेंपो सकाळी निघायचा. नव्या माणसाला रस्ते आणि माणसं कळावीत म्हणून साहेबांनी मला काही दिवस टेंपोबरोबर जायला सांगितलं होतं. पौषातली थंडी होती. ड्रायव्हर इसाकनं बाजारगल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. कानाला मफलर गुंडाळलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी आधी एक लाकडी स्टँड आत सरकवला आणि कुणाचा हात न धरता त्या मागून वर चढल्या. रिकाम्या कॅनच्या मध्ये जागा करून बसल्या. पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले, तान्ह्या पोराला धरावं तसे.

"ह्या कोण?" मी इसाकला हळूच विचारलं.

"फोटोवाल्या काकू. धारंला चालल्यात."

"कसली धार?"

"पान्याची. कसली म्हंजे?"

मी परळीचा. थर्मल वीजकेंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसलेली बघत वाढलेला. धबधबा ही श्रावणात बघायची गोष्ट, तीही कुणी गाडी करून नेलं तर, एवढीच माझी समजूत. आमच्या जिल्ह्यात पौषात धबधब्याचे फोटो काढायला निघालेलं माणूस मला जरा चमत्कारिकच वाटलं.

पण डोंगरात गेल्यावर कळलं. पावसाळ्यात तिथं सगळ्याच घळींतून पाणी उड्या मारत असतं. दिवाळी झाली की ते थांबतं. मग जिथं कड्याच्या पोटात झरा असेल तिथंच पाणी उरतं. आधी मनगटाएवढं, मग करंगळीएवढं, मग सुतासारखं. त्याला धबधबा कोणी म्हणत नाही, धार म्हणतात. पाऊस बरा असेल तर ती माघापर्यंत टिकते. आणि नेमक्या त्याच दिवसांत वाड्या ओस पडलेल्या असतात. तरणी माणसं कोयते, भांडीकुंडी, लेकरं, शेरडं ट्रकात घालून साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला गेलेली असतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि दावणीची एखादी गाय. त्या माणसांचं पिणं, त्या गाईचं पिणं, सगळं त्या धारेवर. काकू त्या धारेचा फोटो काढायच्या आणि तो जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती ऊसतोडीच्या तळावर जायचा, तिथल्या लेकासुनांना दाखवायला. गावाकडची खबर म्हणून.

पुढं मला राहायला खोली मिळाली ती त्यांच्याच स्टुडिओच्या मागे. तेव्हा ही गोष्ट कशी सुरू झाली ते त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

स्टुडिओ त्यांच्या नवऱ्याचा. रामभाऊ लग्नाचे आणि शाळेचे फोटो काढायचे. ते अचानक गेले तेव्हा भावकीनं दुकान विकायचा सल्ला दिला. काकू फोटो धुवायला, वाळवायला, कापायला नवऱ्याच्या हाताखाली होत्याच. त्यांनी दिवस झाल्यावर दार उघडलं, काउंटरमागं बसल्या आणि आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "बसा. मान जरा सरळ." एवढंच. गावाला सवय व्हायला वेळ लागला. पण बाई फोटो काढते म्हटल्यावर वाड्यांवरच्या बायका बिनघोर यायला लागल्या. नवऱ्याबरोबर आल्या की खाली बघणाऱ्या बायका काकूंसमोर कॅमेऱ्यात बघायच्या.

एका बाजारच्या दिवशी खडकवाडीची कोंडाबाई आली. वाळकी, उंच, कपाळावर मोठं गोंदण. म्हणाली, "माझा फोटू काडायचाय. पन हितं न्हाई. आमच्या धारंपाशी."

"धारेपाशी कशाला?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिचा एकुलता एक लेक अंकुश तळावर होता. आदल्या साली तिथं कुणीतरी त्याला उगाच सांगितलं की खडकवाडीची धार आटली, तुझी माय पाण्यावाचून हाय. तो कोयता टाकून निघून आला. मागोमाग उचल दिलेला मुकादम जीप घेऊन आला आणि त्याला मारत मारत घेऊन गेला, आईच्या डोळ्यांदेखत. "आन धार तर बाई वाहतच हुती," कोंडाबाई म्हणाली. "त्याला कागुद वाचाया येत न्हाई. फोटू तर दिसंल?"

काकू गेल्या. घळीत उजेड कमी, फिल्म साधी, म्हणून त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावून शटर बराच वेळ उघडं ठेवलं. फोटो धुवून पाहिला तर त्या स्वतःच थक्क झाल्या. करंगळीएवढी धार दुधाच्या लोटासारखी पांढरीशुभ्र, रुंद, कड्यावरून सांडत असलेली. जवळ उभी राहिलेली कोंडाबाई जराशी धूसर झालेली, पण पाणी असं की बघत राहावं. फोटो तळावर गेला. सगळ्या कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून, फिरला. खडकवाडीला ह्या वर्षी लई पानी म्हणून माणसं खूश झाली. त्यातल्या एकानं गावाकडं निरोप धाडला, म्हैस विकू नका, पाणी भरपूर आहे. ती म्हैस फाल्गुनात पाण्यावाचून मेली.

हे सांगताना काकू नेहमी हातातलं काम खाली ठेवायच्या. "शटर माझं होतं, भाऊ," म्हणायच्या. "पाण्याचा काय दोष."

त्यानंतर त्यांनी धारेचा तसा फोटो कधी काढला नाही. धार जेवढी जाड तेवढीच दिसली पाहिजे. त्यासाठी ऊन घळीत उतरेपर्यंत त्या दगडावर बसून राहायच्या. हिवाळ्यात ऊन तिथं थोडाच वेळ येतं. तेवढ्यात शटर झटकन उघडून मिटायचं, म्हणजे थेंब वेगळे दिसतात. आणि धारेखाली घागर ठेवायला सांगायच्या, कड्याच्या मानानं नव्हे तर घागरीच्या तोंडाच्या मानानं पाणी कळावं म्हणून. "हाय तेवढंच दाखवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्या पाण्याबद्दल म्हणायच्या आणि माणसांबद्दलही. लग्नाच्या मुलीचा फोटो घेऊन आई यायची, जरा उजळ करा, गालावरचा तीळ घालवा म्हणायची. काकू म्हणायच्या, "तीळ हाय तर हाय. पाव्हणे घरी आल्यावर कुठं लपवनार?" अशी गिऱ्हाइकं पुन्हा येत नसत. काकूंना त्याचं विशेष काही वाटत नसे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला फार लागायची. फोटोला पाणी लागतं. धुतलेला कागद वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ ठेवावा लागतो, नाहीतर तो वर्षभरात पिवळा पडतो. टंचाई असली की त्या रांगेत उभ्या राहून टँकरचं पाणी आणायच्या आणि त्यातलंच फोटोंना घालायच्या. स्वतःचं डोकं धुणं पुढं ढकलायच्या. वापरलेलं पाणी अंगणात शिंपडायच्या आणि ते जिरताना बघत उभ्या राहायच्या. "पाण्याचा फोटो काढायला बी पानीच लागतं, भाऊ. काय करावं ह्याला?"

दुधासारख्या पाण्याचा तो पहिला फोटो मात्र त्यांनी फाडला नव्हता. स्टुडिओत आतल्या भिंतीवर लावला होता. त्याचंच पुढं एक प्रकरण झालं.

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा माणूस काही कामाला स्टुडिओत आला. त्यानं तो फोटो पाहिला आणि ऑफिसात लावायला म्हणून एक प्रत मागून नेली. काकूंनी दिली. नव्या वर्षाला कारखान्याचं कॅलेंडर घरोघर आलं, तर त्यावर तीच धार, पानभर, वर अध्यक्षांचा हसरा चेहरा आणि खाली लिहिलेलं, आमच्या तलावाचं, जलसंधारणाचं फळ. काकूंनी कॅलेंडर वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं. मला वाटलं, विषय संपला.

रामभाऊंच्या नावचा कारखान्याचा शेअर काकूंच्या नावावर झालेला होता. वार्षिक सभेचं बोलावणं दरवर्षी यायचं, पण बायका सभेला जात नसत. त्या वर्षी काकू गेल्या. इसाक आणि मी त्यांना सोडायला गेलो आणि मांडवाच्या कडेला उभे राहिलो. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. सभासदांना काही विचारायचं असल्यास विचारावं, असं कुणीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. तेव्हा बायकांच्या रिकाम्या बाजूला एकट्याच बसलेल्या काकू उभ्या राहिल्या. हातात कॅलेंडर.

"अध्यक्षसाहेब, हा फोटो मी काढलाय."

मांडवात कौतुकाची कुजबुज झाली. अध्यक्ष माणूस मोठा बोलका. त्यांनी लगेच माईक ओढला. "वा वा! ताईंचा सत्कार राहूनच गेला की. अरे, शाल आणा रे कोणी."

"शाल नको," काकू म्हणाल्या. आवाज त्यांनी चढवला नाही. "हा फोटो चुकलेला हाय. धार एवढी मोठी न्हाई. माझ्या करंगळीएवढी हाय. शटर जास्त वेळ उघडं राहिलं म्हणून अशी दिसती. अन् ती तुमच्या तलावाची बी न्हाई. डोंगराच्या झऱ्याची हाय, तलावाच्या आधीपासूनची. हे बघून लोक ऊस लावतील. त्यांना पानी कुठून द्यायचं?"

अध्यक्ष हसले. म्हणाले, "ताई, कॅलेंडर भिंतीला लावायचं असतं. त्यातलं पाणी काही प्यायचं नसतं."

मांडव खदखदून हसला. काकू ते हसणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कॅलेंडर खुर्चीवर ठेवलं आणि चालत बाहेर आल्या. टेंपोत बसल्यावर इसाक रागानं काहीबाही बोलत होता. काकू म्हणाल्या, "हसू दे. सांगायचं ते सांगून झालं."

कारखान्याच्या कार्यक्रमांचे फोटो त्याआधी त्यांच्याकडं असत. ते काम बंद झालं. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा तो फोटो मात्र उतरवला. चुलीत घातला नाही, फाडला नाही. उलटा करून कपाटामागं सारून दिला.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस पोळ्याच्या सुमाराला जो थांबला तो पुन्हा आलाच नाही.

त्या दुष्काळाचं वर्णन मी करत नाही. दूध केंद्रातला माणूस म्हणून एवढंच सांगतो की सकाळी टेंपो जायचा आणि कॅन वाजवत परत यायचा. आमच्या कामात भरलेला कॅन वाजत नाही. जनावरं छावणीला गेली होती. साहेब टेंपो बंद करायच्या विचारात होते, पण काही वाड्यांना बाहेरचं जग म्हणजे तेवढा टेंपोच, म्हणून तो चालू ठेवला. काकू पूर्वीसारख्याच येत होत्या. एकेक धार बघत होत्या. बहुतेक घळींत ओल्या डागाशिवाय काही नव्हतं. काकू त्या डागाचा फोटो काढायच्या. तळावर पाठवायच्या. बघणाऱ्याला काय वाटत असेल, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "वाईट वाटत असंल. पण माणूस तिथून कायतरी सोय तर लावंल. ठाऊकच नसलं तर काय करंल?"

खडकवाडीची धार मार्गशीर्षातच आटली होती. तिच्या वरच्या अंगाला मोराची घळ म्हणून जागा आहे, तिथं दुसऱ्या वाडीची धार अजून टिकून होती. पातळ, पण वाहती.

त्या सकाळी मीही टेंपोत मागं काकूंजवळ बसलो होतो, तेव्हा कोंडाबाई आम्हाला रस्त्यातच आडवी आली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, घासून लख्ख केलेली घागर काखेत. इसाकनं ब्रेक लावला. ती काही न विचारता मागून वर चढली आणि काकूंच्या समोर बसली.

"सुबद्रे, मला मोराच्या घळीला ने. तितं हुभी ऱ्हाते. तितं काड फोटू."

काकूंना कळायला वेळ लागला नाही. "न्हाई, मावशी. ते पानी तुमच्या वाडीचं न्हाई."

"पानी पानीच अस्तं. अंकुशला काय कळतंय?"

"मी खोटा फोटो काढत न्हाई. तुम्हाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय म्हून तर आले. तुज्या फोटूवर समदा तळ इस्वास ठिवतो." कोंडाबाईनं काकूंचा हात धरला. "सून दोन जिवांची हाय. उसातच बाळंत व्हायची पाळी हाय. ह्यो येडा फोटू बगून परत कोयता टाकून आला तर? मागच्या टायमाला त्याच्या पाठीचं सालटं निगालं. मी बगितलंय ते. आता तिथं ती पोर येकली पडंल. मी म्हातारी काय, आज हाय उद्या न्हाई. तू एक डाव काड."

काकू बाहेर बघत राहिल्या. टेंपो चढावर धापा टाकत होता. खडकवाडीचा फाटा मागं गेला तरी त्यांनी कोंडाबाईला उतरायला सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "पानी कुठून आणता आता?"

"खालच्या मळ्यातल्या हिरीवरून."

"चढण हाय तिथं."

"सवय हाय मला."

मोराच्या घळीत ऊन उतरलं तेव्हा काकूंनी फोटो काढला. कोंडाबाई धारेशेजारी ताठ उभी राहिली, घागर खाली लावली आणि हसली. एवढ्या वर्षांत तिला फोटोत हसताना मी पाहिलं नव्हतं. काकूंनी एकदाच बटण दाबलं. एरवी त्या जपून का होईना, दुसरा घ्यायच्या. भरलेली घागर आम्ही टेंपोत घेतली आणि कोंडाबाईला घराजवळ उतरवलं. त्या दिवशी परत येताना काकूंनी ना घळीकडं बघितलं, ना आमच्याकडं.

फोटो तळावर गेला. अंकुश आला नाही. त्याची बायको तिथंच कोपीत बाळंत झाली, मुलगा झाला. मुकादमाच्या माणसानं ही खबर आणली तेव्हा कोंडाबाई गावभर गूळ वाटत फिरली म्हणे. आणि माघ सरता सरता, विहिरीवरून घागर आणताना त्या चढणीवर तिचा पाय घसरला. मांडीचं हाड मोडलं. वाडीतली म्हातारी माणसं तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणीतो उशीर झाला होता. तालुक्याच्या दवाखान्यात ती फार तगली नाही. तळावर निरोप पोचून अंकुश आला तो राख सावडायच्या दिवशी.

इसाकनं ही बातमी स्टुडिओत येऊन सांगितली. काकू कात्रीनं फोटोच्या कडा कापत होत्या. त्यांनी हातातला फोटो कापून पूर्ण केला, कात्री जागेवर ठेवली आणि आत गेल्या. त्यानंतर काही दिवस स्टुडिओचं दार अर्धंच उघडं असायचं. गिऱ्हाईक आलं तर त्या म्हणायच्या, कॅमेरा बिघडलाय. मी मागच्या खोलीत राहायचो, त्यामुळं मला दिसायचं. त्या काही करत नव्हत्या. पाटावर बसून राहायच्या. जेवलात का विचारलं तर हो म्हणायच्या, पण चूल गार असायची.

तेरावं झाल्यावर अंकुश आला. दुपारची वेळ. मी काकूंना चहा करून दिला होता आणि तिथंच बसलो होतो. तो डोकं भादरलेला, खांदे वाकलेले, असा दारात उभा राहिला. काकू उठल्या. त्याच्यासमोर गेल्या. मला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल, आणि बोलला तर त्याला कोणी अडवू नये.

त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला.

"काकू, ह्यो मोराच्या घळीचा हाय."

काकूंचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. "तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगंल? आमच्या धारंमागं निस्ता काळा कातळ हाय. हितं शेवाळ दिसतंय, वरून मुळी लोंबतीया. त्या धारंखाली अंगुळ करून मोठा झालो मी. मला बगताच कळलं."

"मग आला का न्हाईस रे?"

अंकुश खाली बसला. भिंतीला टेकून, जमिनीवरच. "मायनं येऊ नगं म्हून सांगितलं ना. फोटूतून. ती लुगडं नेसून, हसून हुभी ऱ्हायली म्हंजे काय ते मला कळंना का? धार आटली हाय, आन तरी येऊ नगं. बायको म्हनली, जाऊन या. मी म्हनलो, माय बरी हाय, बग की कशी हसतीय." तो थांबला. "मला ठाऊक हुतं, काकू. तरी थांबलो."

मग काकू त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मी काढायला नको होता," त्या म्हणाल्या. "मी न्हाई म्हणाले होते. मग काढला."

"तिनं ऐकलं नसतं."

"तरी."

दोघंही रडले नाहीत. नुसते बसून राहिले. एकाच घरात सुतक असलेली माणसं बसतात तसे. शेवटी अंकुशनं तो फोटो काकूंच्या हातात दिला. "ह्यो मोठा करून पायजे. भिंतीला लावायला. तिचा दुसरा हसरा फोटू न्हाई."

काकूंनी तो उजेडात धरला. "निस्ता चेहरा घेऊ का? पानी काढून टाकते."

अंकुशनं विचार केला. "त्या घागरीतलं पानी मायनं घरी नेलं हुतं का?"

"हो. भरून नेली."

"पेली आसंल ना?"

"पेली असंल की."

"मंग ऱ्हाऊ द्या पानी."

तो फोटो मोठा करायला काकू आतल्या अंधाऱ्या खोलीत गेल्या त्या पुष्कळ वेळानं बाहेर आल्या. त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरातलं प्यायचं पाणी त्यांनी त्या कागदाला घातलं.

दुसऱ्या दिवशी त्या टेंपोत बसल्या आणि खडकवाडीला उतरल्या. कोरड्या धारेचा फोटो काढला. काळा कातळ, खाली रिकामं, भेगाळलेलं डबकं. मग वाटेवरच्या विहिरीचा, त्या चढणीचा. ते फोटो त्यांनी कुणाहाती पाठवले नाहीत. एसटीनं स्वतः घेऊन गेल्या, अंकुशबरोबर. तळावर त्यांनी काय सांगितलं ते मला अंकुशकडून कळलं. कोप्यांपुढं सगळ्यांना बसवून त्यांनी आधी मोराच्या घळीची गोष्ट सांगितली. हा फोटो मी खोटा काढला होता, असं उभं राहून सांगितलं. मग कोरडे फोटो दिले. म्हणाल्या, "मी आता हाय तेच दाखवीन. पण निस्तं बघून रडू नका. गावात पानी वाहायला एक तरी धड मानूस ठेवा."

त्या तळावर मोठी भांडणं झाली. मुकादम काकूंच्या अंगावर धावून गेला असंही ऐकलं. पण पुढच्या हंगामापासून खडकवाडीच्या टोळीनं एक जोडपं गावात ठेवायला सुरुवात केली, आळीपाळीनं. बाकीचे त्यांच्या वाटचं काम ओढायचे. मग आणखी एकदोन वाड्यांनी तसं केलं. त्या पहिल्या साली मागं राहिला तो अंकुश. त्यानं उन्हाळ्यात धारेखालचं डबकं खोल केलं, गाळ काढला, दगड रचले. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी पाट्या उचलल्या. काकू दगडावर बसून फोटो काढत होत्या.

माझी पुढं बदली झाली आणि मी परळीला परत गेलो. अधूनमधून शिरूरला जाणं व्हायचं. दर खेपेला स्टुडिओत काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी अंधारी खोली गेली, रंगीत फोटो बाहेर धुवायला जाऊ लागले. मग गिऱ्हाईक गेलं. शेवटी पुतण्यानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलं. काकू मागच्या खोलीत, मी राहायचो तिथं, राहायला आल्या. तळावरच्या पोरांच्या हातात फोन आले. गावाकडची धार आता रोज सकाळी त्यांना हलताना, आवाजासकट दिसत होती. काकूंना वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी काय बोलतोय तेच त्यांना कळलं नसावं. "त्यांना दिसतं ना?" त्या म्हणाल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते इसाकच्या नातीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. त्या साली पाऊस चांगला झाला होता. काकूंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मला म्हणाल्या, "भाऊ, गाडी आणलीय का? खडकवाडीला जाऊन येऊ."

अंकुश फाट्यावर उभा होता. केस पांढरे झालेले. आता ऊसतोडीला जायचा तो त्याचा मुलगा किरण, तोच कोपीत जन्मलेला, आणि त्याची बायको. अंकुश आणि त्याची घरवाली गावात राहिली होती. आम्ही तिघं सावकाश धारेपर्यंत गेलो. मी काकूंचा हात धरला होता. त्यांनी धरू दिला. धार मनगटापेक्षा पातळ, पण अखंड पडत होती. काकू दगडावर बसल्या, चपला काढल्या आणि पाय खालच्या पाण्यात सोडले.

अंकुशनं उंचवट्यावर उभं राहून फोन लावला. किरणचा चेहरा आला, मागं उसाचा फड आणि ट्रॅक्टरचा आवाज. त्याला धार दाखवून झाली. मग तो तिकडून ओरडला, "आबा, काकू आल्यात ना? त्यांना दावा की."

"काकू, हुभ्या ऱ्हा जरा," अंकुश म्हणाला.

काकू गोंधळल्या. फोटोसाठी कुणी त्यांना उभं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्या आधारानं उठल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि कुठं बघायचं ते न कळून फोनच्या जरा वर बघत राहिल्या.

"काकू, बऱ्या हाव का?"

"बरी हाय रे बाबा. जेवलास का?"

"जेवलो. लई म्हाताऱ्या झालात की."

काकू हसल्या. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. धार त्यांच्या पाठीमागं झाकली गेली होती. त्यांनी माझा हात सोडला, एक पाऊल पाण्यात टाकलं आणि त्या बाजूला सरकल्या. अंकुशच्या फोनमध्ये आता नुसतं पाणी पडत होतं, आणि एका कडेला काकूंच्या पदराचा काठ तेवढा दिसत होता. किरण तिकडून काहीतरी सांगत होता, ट्रॅक्टरच्या आवाजात नीट कळत नव्हतं. काकू पाण्यात उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या.